खिशातली बांग

नमाजेला उभा राहिलो की माझं लक्ष किब्ल्याकडे, काबेच्या दिशेकडे, नसायचं, उजव्या खिशाकडे असायचं. लिहायला लाज वाटते, पण हे आधी कबूल केल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. हात बांधून उभं राहावं, इमामसाहेबांनी पठण सुरू करावं, आणि माझ्या मांडीला काहीतरी थरथरल्यासारखं व्हावं. कधी फोन खरंच थरथरायचा, बहुतेक वेळा नुसता भास. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलेलं असताना मी मनात मोजत असायचो, की आता किती मिनिटं झाली, आता सलाम फिरून नमाज संपली की फोन बघता येईल. एवढी वर्षं नमाज पढून माणूस शेवटी खिशाचा चाकर व्हावा, याचं फार वाईट वाटायचं.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. कॅम्प दोनमध्ये माझी टपरीवजा जागा आहे, घर विठ्ठलवाडीला. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांतून दिवसभर फोन येतात, धागा तुटतोय, सुई अडकली, लवकर या. ते फोन थांबू शकतात. न थांबणारा फोन एकच होता, बायकोचा. आईला विसरण्याचा आजार जडून दोन वर्षं झाली. आमचं मूळ गाव दापोलीकडचं, आणि दुपार झाली की आई म्हणायची, "मला घरी जायचंय." घरात बसून घरी जायचंय म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार? मागच्या थंडीत ती कडी काढून निघाली आणि दोन तासांनी स्टेशनच्या पुलाखाली सापडली, पायात माझी चप्पल. तेव्हापासून बायको एक मिनिटही निर्धास्त नसते आणि माझा फोन एक मिनिटही बंद नसतो.

त्यात भाच्याने दुबईहून येताना मला त्याचा जुना फोन दिला. चांगला होता, बॅटरी टिकायची. त्यात अजानचं ॲप होतं, ते मी पुण्याचं काम म्हणून तसंच ठेवलं. पण ॲपमधलं गाव दुबईच राहिलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आमच्याकडे जुम्याची, म्हणजे शुक्रवारच्या सामुदायिक नमाजेची, जमात उभी राहते त्याच सुमाराला तिकडे दुपारच्या अजानची वेळ होते.

पहिल्याच शुक्रवारी व्हायचं ते झालं. पहिली रकात, नमाजेचं पहिलं आवर्तन, चालू होती, मशीद भरलेली, इमामसाहेब छान पढत होते, आणि माझ्या खिशातून खणखणीत आवाजात अजान सुरू झाली. मी फोन मुका करून ठेवला होता, पण ॲपला त्याची पर्वा नव्हती. लहानपणी गावच्या मदरशात मौलवींनी शिकवलं होतं, की नमाजेत हात हलवले तर नमाज तुटते. तेच धरून मी खांबासारखा उभा राहिलो. 'नमाजेकडे या' असं माझा खिसा नमाजेत उभ्या असलेल्या दोनशे माणसांना सांगत होता. अजान पूर्ण झाली, एक शब्दही कमी नाही. शेजारी उभ्या माणसाचे खांदे हसू दाबून हलत होते, त्याच्या पलीकडच्याचे रागाने. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

सलाम फिरल्यावर बोलणी खाल्ली, आणि ती मला मिळायलाच हवी होती. एकाने फोनवरचं गाव वाचून विचारलं, "क्या मियां, दुबई का टाइम इधर चलाओगे क्या?" तेवढ्यात बांगीचाचा पुढे आले. अजान देणाऱ्याला आम्ही बांगी म्हणतो. हे चाचा सत्तरीच्या पुढचे. दम्याने आवाज फाटलेला, 'हय्या अलल फलाह'पर्यंत येता येता श्वास तुटतो. मशिदीतल्या तरुण मंडळींनी त्यांना दोनदा सुचवून पाहिलं होतं, की चाचा, तुम्ही आराम करा, फोनवरची अजान माइकसमोर धरू. चाचा ऐकून घेतात आणि पुढच्या अजानला उभे राहतात. ते हसत मला म्हणाले, "आवाज छान आहे रे त्याचा. माझ्यापेक्षा बराच बरा."

मग हाताला धरून कोपऱ्यात नेलं आणि सांगितलं, "वाजला तर एका हाताने, खिशाच्या वरूनच दाबून बंद करायचा. एवढ्याने नमाज तुटत नाही. दोनशे जणांची मात्र तुटता तुटता राहिली." मी मान खाली घातली. ते म्हणाले, "पण तू तो घेऊन उभाच का राहतोस?" तेव्हा मी आईचं सगळं सांगितलं. कधी कुणाला सांगितलं नव्हतं, खिशाची थरथर, सजद्यातली मोजणी, सगळं. चाचांनी उपदेश केला नाही. माइकचं यंत्र ठेवतात ते लाकडी कपाट दाखवलं आणि म्हणाले, "पुढच्या जुम्याला फोन माझ्याकडे दे. इथे राहील. आईला अल्लाच्या हवाली कर आणि उभा राहा."

"आणि तेवढ्यात काही झालं तर?"

"तर नमाजेनंतर कळेल," चाचा म्हणाले. "काही होणार नाही असं मी म्हटलेलंच नाही."

हे उत्तर मला आठवडाभर चावत राहिलं. त्यांनी 'काही होणार नाही' म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं, कारण तसं सगळेच म्हणतात. अल्लाच्या हवाली हे शब्द मीही रोज वापरायचो, गिऱ्हाइकाला मशीन परत देतानासुद्धा. पण हवाली करायचं म्हणजे हातातून सोडायचं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ते ॲप मी त्याच रात्री काढून टाकलं होतं. शेवटी पुढच्या शुक्रवारी, बारा-चाळीसला, फोन बंद न करता चाचांच्या हातात ठेवला. त्यांनी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं.

एक वाजता चाचांनी बांग दिली. नेहमीसारखीच, मध्येच अडखळलेली. हल्ली स्पीकरचा आवाज कमीच ठेवतात, एसटी डेपोपर्यंत जेमतेम पोहोचतो. मग खुतब्याचं प्रवचन झालं, जमात उभी राहिली. पहिल्या रकातीत हात दोनदा आपोआप खिशाकडे वळायला बघत होता. दुसऱ्या रकातीत तो विसरला. सजद्यात गेलो आणि कित्येक महिन्यांनी काही मोजलं नाही. आई आठवली, पण भीतीने नाही. लहानपणी मला ताप आला की ती माझ्या उशाशी बसून पढायची, ती आई आठवली. डोळे भरून आले. इमामसाहेब उठले तेव्हा मी अजून खालीच होतो.

चाचांनी कपाट उघडून फोन दिला. त्यावर बायकोचे चौदा मिस्ड कॉल होते. मी लावला, तर ती रडत होती. "अहो, आई घरात नाहीत. मी नुसती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. स्टेशनवर आहे मी, पुलाखाली पण नाहीत."

मी अनवाणी बाहेर पळालो. त्या क्षणी मला चाचांचा राग आला होता, हेही लिहून ठेवतो. त्यांचा आला, स्वतःचा आला, आणि ज्याचा येऊ नये त्याचाही आला. गर्दीतून वाट काढत पायऱ्या उतरायला लागलो, आणि शेवटच्या पायरीवर आई बसलेली होती.

डोक्यावर पदर नीट घेतलेला, हात मांडीवर. शेजारी बदलापूरकडच्या खेड्यातून डेपोसमोर भाजी विकायला येणारी एक मावशी. नमाज सुटल्यावर दम केलेलं, म्हणजे दुआ पढून फुंकर घातलेलं, पाणी न्यायला आमच्या पायऱ्यांवर दर शुक्रवारी बायका थांबतात, सगळ्याच जातींच्या, कडेवर पोरं घेऊन. त्यामुळे या दोघींना कुणी काही विचारलंच नव्हतं.

मावशीने मला आईकडे झेपावताना पाहिलं आणि म्हणाली, "तुजी आई हाय का रं ही? एसटीच्या फलाटावर उभी व्हती. दापोली, दापोली करत व्हती. नाव इचारलं तर सांगता येईना. लुगडं नेसलेली, बोलणं आमच्यासारकंच, मला वाटलं आमच्यातलीच कुनी. पानी दिलं, च्या दिला. मग तुमची बांग झाली. तशी हिनं च्या खाली ठेवला, आन् पदर घेतला डोईवर. गप झाली. म्हटलं, हिचं मानूस तिकडंच आसंल. जिकडनं बांग आली तिकडं घेऊन आले."

आम्ही घरात कोकणी बोलतो, आई आयुष्यभर साडी नेसली. नाव विसरली, गल्ली विसरली, नवरा वारल्याचं विसरली. पण बांग ऐकू आली की बोलणं थांबवून डोक्यावर पदर घ्यायचा, हे तिच्या आईने शिकवलेलं तिच्या हाताला आठवत होतं.

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो. तिने मला निरखून पाहिलं, अनोळखी माणसाला पाहतात तसं, आणि अदबीने म्हणाली, "भाऊ, नमाज सुटली काय? माजा पोर आत हाय. तो आला का जाऊ आमी."

मावशीनेच तिला सांगितलं, "आये, ह्योच तुजा पोर." आईने माझ्या गालावरून हात फिरवला. तिला पटलं की नाही कोण जाणे, पण उठताना तिने माझाच हात धरला.

मावशी आभार मानू देईना. टोपली एका कंडक्टरच्या भरवशावर टाकून आली होती, ती पदर खोचून निघालीसुद्धा. मी बायकोला फोन करून बोलावलं, आईला तिच्याकडे सोपवलं आणि आत जाऊन चाचांना सगळं सांगितलं. त्यांच्यावर राग आला होता तेही सांगितलं. राग त्यांनी कानाआड केला. एवढंच विचारलं, "माझी बांग ऐकून पदर घेतला तिने?" मी हो म्हणालो. ते तोंड फिरवून माइकच्या यंत्रावरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हती त्यावर. फोनवरच्या अजानचा विषय त्यानंतर कुणी काढलेला नाही.

मी पुष्कळदा विचार करतो. फोन खिशात असता तर मी नमाज मोडून धावलो असतो, आणि धावलो असतो स्टेशनकडे, कारण मागच्या वेळी ती तिकडेच सापडली होती. त्या वेळी आई मशिदीच्या पायरीवर माझी वाट बघत बसली असती. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी शुक्रिया अदा करतो, अल्लाचा, त्या मावशीचा आणि एका फाटक्या आवाजाचा. घरच्या दाराला आता वरची कडी बसवली आहे, आईच्या गळ्यात माझ्या नंबराचा बिल्ला आहे. हवाली करायचं म्हणजे निष्काळजी व्हायचं नाही, हे चाचांनीच बजावलं.

आई आता माझं नाव विचारते. पण संध्याकाळी खिडकीतून चाचांची अडखळती बांग आली की तिचा हात पदराकडे जातो. ते पाहून मी फोन टेबलावर ठेवतो आणि वजूला, नमाजेआधी हातपाय धुवायला, उठतो. परवा मी कारखान्याच्या फोनवर बोलतच राहिलो, तर आईने डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.