बसा, अजून आभार राहिलेत

पुण्यात जन्मून, पुण्यात नोकरी करून, पुण्यातच निवृत्त होऊनही एकदासुद्धा तक्रार न केलेला माणूस जगात एकच आहे आणि ते म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. ते शाळेत मास्तर होते. स्नेहसंमेलनात भाषण मुख्याध्यापकांचं आणि आभारप्रदर्शन आतोबांचं, अशी तीस वर्षांची वहिवाट होती. आता आभारप्रदर्शन सुरू झालं की आपल्याकडे लोक काय करतात, हे सांगायला नकोच. ते उठतात आणि चपला शोधायला लागतात. त्यामुळे आतोबांनी जन्मभर श्रोत्यांच्या पाठीच पाहिल्या. "एकदा तरी लोक शेवटच्या नावापर्यंत बसलेले बघायचेत रे," असं ते मला म्हणायचे, तेही कुरकुर न करता.

निवृत्तीनंतर सभा संपल्या, पण आभार काही संपेनात. "आज नळाला नऊपर्यंत पाणी होतं!" ही बातमी ते लॉटरी लागल्याच्या आनंदात घरभर सांगत फिरायचे. ड्रायव्हरने बस थांब्यावरच थांबवली म्हणून उतरल्यावर वळून हात जोडायचे; तोवर बस पुढच्या चौकात गेलेली असायची. एकदा मी त्यांच्याबरोबर बुधवार पेठेत पुस्तक आणायला गेलो होतो. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "संपलंय." आतोबा म्हणाले, "स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे." तेव्हा कुठे त्या गृहस्थाने मान वर केली आणि विचारलं, "टोमणा मारताय का?"

दिवाळीत आम्ही चार दिवस त्यांच्या कर्वेनगरच्या घरी जायचो, कारण भाऊबीजेला बाबांनी बहिणीकडे जायचं हे ठरलेलं. त्या दिवशी श्रीखंड-पुरीचं जेवण आटोपत आलं की आतोबा खिशातून कागद काढून उभे राहायचे. मग गॅसचा सिलिंडर वेळेवर आणणारा, फटाके दुपारी न उडवणारे शेजारी, एसटीत बाबांना खिडकी देणारा अनोळखी प्रवासी, सगळ्यांचे नावानिशी किंवा वर्णनानिशी आभार. आम्ही मुलं पहिल्याच वाक्याला हात धुवायला पळायचो. बाबा मेहुणेपणाला जागून तिसऱ्या नावापर्यंत टिकायचे आणि मग सुपारी शोधायला उठायचे.

माझ्या दहावीच्या वर्षी मात्र वेगळंच घडलं. आतोबा सिलिंडरवाल्यापर्यंत आले होते, मी अर्धवट उठलो होतो आणि आत्या ताकाचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, एक विचारू? इतक्या वर्षांच्या यादीत माझं नाव कधी आलंय?"

आतोबा हसले. तीस वर्षांचं तयार वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "आपल्याच माणसाचे आभार मानून त्याला परकं करू नये, म्हणून..."

"करा परकं," आत्या म्हणाली. "एक दिवस चालेल मला."

तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण भांडं तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मी परत खाली बसलो. मला एकदम वाईट वाटलं. ती दर वर्षी दाराआड उभी राहून सगळी यादी ऐकत होती, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आतोबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. न लिहिता बोलण्याची त्यांना सवय नव्हती. अडखळत म्हणाले, "आज पहाटे उटणं वाटलं, त्याबद्दल. चकल्यांबद्दल. तीस वर्षं डब्यात वरची पोळी गरम असायची, त्याबद्दल. मी घरी आभार मानत बसायचो तेव्हा मागचं आवरलं, त्याबद्दल..." आम्ही खरकट्या हातांनी तसेच बसलो होतो. हात वाळले, पण एकही माणूस उठला नाही.

"बास," आत्या म्हणाली. "ताक घ्या."

आता आतोबांचा आवाज गेला आहे आणि नावंही आठवत नाहीत. म्हणून भाऊबीजेला आभार आत्या मानते. "आलात, बरं वाटलं. यांनी पानात काही टाकलं नाही, त्याबद्दल यांचे आभार. उठा आता." एवढंच. आतोबा हात जोडून शेवटच्या शब्दापर्यंत बसून ऐकतात, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय मीही उठत नाही.