हत्तीझाड आणि पुढची तीस वर्षं

हळूकाका हे नाव त्यांना मुलांनी दिलं. बागेत धावणाऱ्या प्रत्येक पोराला गेली एकतीस वर्षं ते "हळू, हळू" म्हणत आले होते, आणि बहुतेक वेळा त्यापुढे त्यांना काही बोलायचंच नसायचं. माणसांशी दोन शब्द, झाडांशी मात्र तासन् तास. बायको म्हणायची, "तुम्ही रोप व्हायचे होता. रांग चुकली आणि माणसांत आलात."

शहराच्या मधोमध असलेल्या त्या बागेचे ते मुख्य माळी. बागेच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्यांचं घर मिळालेलं, तिथेच संसार झाला. बायको कपडे शिवायची. एकुलती एक मुलगी बागेतच चालायला शिकली, आता ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. काकांना निवृत्त व्हायला पाच महिने राहिले होते, आणि तेवढ्यात बागेच्या पुढच्या तीस वर्षांचा आराखडा करायचं ठरलं.

त्या कामावर आल्या नियोजनाच्या बाई. वय पस्तिशीच्या आतबाहेर, काखेत नकाशांच्या गुंडाळ्या, पायात मळलेले बूट. ऑफिसात बसून रेघोट्या ओढणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. त्यांनी फाटकापाशी टेबल मांडलं, बागेचा मोठा नकाशा पसरला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, तुम्हाला इथे काय हवं ते चिठ्ठीवर लिहा आणि नकाशावर चिकटवा. तीन आठवड्यांत नकाशा दिसेनासा झाला. कुणाला पाठ टेकायला मिळेल असा बाक हवा होता. एकाला कुत्री नको होती, त्याच्या शेजारच्या चिठ्ठीत कुत्र्यांसाठी वेगळी जागा मागितली होती. एका मुलीने खरा हत्ती मागितला होता. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: हत्तीझाड राहिलंच पाहिजे.

बागेच्या मध्यावरचं ते झाड. करडा, सुरकुतलेला बुंधा, जमिनीपर्यंत झुकलेली एक फांदी, म्हणून हे नाव. गाड्यांच्या तळासाठी ते तोडणार अशी अफवा उठली होती तेव्हा शाळेतल्या एका निवृत्त मास्तरांनी दारोदार फिरून अकराशे सह्या गोळा केल्या होत्या. बाईंनी लोकांचं मनापासून ऐकलं. नव्या नकाशात सगळं हत्तीझाडाभोवती आलं. गोल पार, त्यावर बसायच्या जागा, मुलांचे वाचनवर्ग, सुट्टीच्या दिवशी गाणं. लोक खूश झाले. मास्तरांनी बाईंचा हात हातात घेऊन आभार मानले.

हळूकाकांनी तो नकाशा पाहिला आणि पाराच्या गोलावर बोट ठेवून ते तिथेच थांबले.

तीन वर्षांपूर्वी, झाडाच्या मागच्या अंगाला, अगदी मुळाशी त्यांना आळंबी दिसली होती. बशीएवढी, तपकिरी. त्यांनी लाकडी हातोडीने बुंध्यावर ठोकून पाहिलं. पुढच्या बाजूला आवाज टणक आला. मागे आला तो भद्द, रिकाम्या पेटीसारखा. तेव्हाच्या साहेबांना त्यांनी सांगितलंही. साहेब वर बघून म्हणाले, पानं हिरवी आहेत ना, मग कशाला जिवाला घोर? काका परत आले आणि त्यांनी मागच्या बाजूला फुलांचा रुंद वाफा केला. लोकांना वाटलं, शोभेसाठी. खरं तर तिकडे कुणी बसू नये म्हणून होता तो. तेव्हापासून रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी ते झाडाला ठोकून, कान लावून यायचे. कुणाला सांगायचा धीर मात्र पुन्हा झाला नाही. मुलगी सहा महिन्यांची असताना त्या झुकलेल्या फांदीलाच तिची झोळी बांधली होती. जे तोंडातून निघेल ते खरं होईल, असं काहीतरी त्यांना वाटत असावं.

आराखड्याच्या दोन सभा झाल्या, काका मागच्या रांगेत गप्प बसून आले. घरात जेवण जाईना. बोलावलं तर दुसऱ्या हाकेला ओ देऊ लागले. शेवटी एका संध्याकाळी बायकोने शिवणयंत्र थांबवलं आणि विचारलंच. त्यांनी सगळं सांगितलं.

तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला काही आजार झालाय आणि लपवताय."

"मला नाही. झाडाला झालाय."

"पण लपवताय तुम्हीच ना?"

तिने पुढे ताणलं नाही, खाली वाकून बॉबिन भरायला घेतली.

शेवटची सभा शेजारच्या शाळेच्या सभागृहात झाली. आराखडा मंजूर करायला हात वर करायचे, एवढंच बाकी होतं. बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हळूकाका उभे राहिलेले पाहून काहीजण कौतुकाने हसले.

"हत्तीझाड आतून पोकळ आहे," ते म्हणाले.

क्षणभर कुणालाच कळेना. मग एकच गलका झाला. यांच्या तोंडून कुणीतरी वदवून घेतंय, गाड्यांचा तळ पुन्हा येणार, असं पुढच्या रांगेतून ऐकू आलं. सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी एक जाडे गृहस्थ तर उठून उभेच राहिले. मास्तर खुर्चीतून मागे वळले. "तुम्ही? निदान तुम्ही तरी हे म्हणायला नको होतं."

"मला कुणी शिकवलेलं नाही, मास्तर. तीन वर्षं मला माहीत होतं. एकदा सांगितलं, मग गप्प बसलो. ती चूक माझी." काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "आज ते पडणार नाही. पाच वर्षं उभं राहील, नशीब असलं तर दहा. पण नकाशा तुम्ही तीस वर्षांचा केलाय. आणि पार बांधायला खणलंत की मुळं तुटणार. मग ते दोन वर्षंही टिकायचं नाही. त्याखाली मुलं बसलेली असतील."

बाईंचा चेहरा उतरला होता, इतक्या आठवड्यांचं काम डोळ्यांदेखत विस्कटत होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "मग काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

"माझ्याबरोबर चला. अजून उजेड आहे."

वीसेक माणसं त्यांच्यामागून रोपवाटिकेत गेली. अगदी मागे, खताच्या ढिगापलीकडे, सात मोठ्या कुंड्या ओळीने ठेवल्या होत्या. त्यात छातीएवढी उंच रोपं होती. तीन वर्षांपूर्वी, तो भद्द आवाज ऐकला त्याच आठवड्यात काकांनी झाडाखालच्या बिया वेचून रुजत घातल्या होत्या. ऐंशीतल्या या सात जगल्या.

"ही त्याचीच," ते म्हणाले.

मास्तरांनी चष्मा वर सारून एक पान बोटांत धरलं. उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, "सावली कधी पडेल?"

"बसण्याइतकी? वीस वर्षं धरा."

"म्हणजे माझी काही सोय नाही."

"माझीही नाही, मास्तर."

दोघेही हसले, आणि मास्तरांनी खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला.

पुढे बाहेरगावाहून झाडांचा जाणकार आला, त्याने यंत्र लावून तपासलं. बुंध्याचा मागचा दोन तृतीयांश भाग रिकामा निघाला. बाईंनी आराखडा पुन्हा काढला. वरच्या फांद्या छाटून हत्तीझाडाचा भार हलका करायचा, भोवती कठडा घालायचा, आणि ते आपल्या वेळेने जाईपर्यंत त्याला निवांत राहू द्यायचं. तीन रोपं जवळच, पण धोक्याबाहेर लावायची, उरलेली चार बागेतल्या तळ्याकाठी. पार बांधायचा तो विसाव्या वर्षी, नव्या झाडांच्या मुळांना जागा सोडून. मंजुरीसाठी सगळे पुन्हा जमले तेव्हा मास्तरांनी सर्वांत आधी हात वर केला. सगळ्यांनी नाही केला. ते जाडे गृहस्थ आणि त्यांचे दोन सोबती काकांना पाहिलं की तोंड फिरवून चालू लागायचे. काकांना ते लागायचं, पण त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

निवृत्तीनंतर काका भाड्याच्या घरात राहायला गेले, बागेपासून दोन गल्ल्यांवर. एका दुपारी बायको म्हणाली, चला, बागेत जाऊन बसू. एकतीस वर्षांत दोघं तिथल्या बाकावर कधी बसलेच नव्हते. काका बसले खरे, पण वाफ्यातलं गवत दिसलं की उठू लागले. बायकोने त्यांची बाही धरली. "बसा. आता इथे तुमचं काम फक्त बसायचं."

थोड्या वेळाने ते जाडे गृहस्थ आले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. झाडाचं नाव काढलं नाही, समोर बघत म्हणाले, गॅलरीतल्या कुंडीतली पानं पिवळी पडतायत, काय करावं?

काकांनी विचारलं, पाणी रोज घालता का. रोज घालतो म्हणाले. तिथून जे बोलणं सुरू झालं ते संपेचना. मातीवरून निघालं ते खतावर गेलं, खतावरून कुंडीच्या भोकावर. बायकोने पिशवीतून एक सदरा काढला, बटण लावायला घेतलं, आणि पहिलं लावून झालं तरी दोघं बोलतच होते, म्हणून दुसरंही लावलं.