काळजाला विचारणारे काका

"थांब गो पोरी, आधी याला विचारतो," म्हणत ते उजवा पंजा छातीवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मगच माझ्या हातातून इन्सुलिनची बाटली घ्यायचे. रोज सकाळी, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात.

मॉरिशसमधल्या शमें ग्रेनिए गावातल्या आमच्या गल्लीत, सत्तरच्या दशकात, फ्रिज फक्त आमच्याकडे होता. त्यात आमचं लोणी, शेजाऱ्यांचे मासे आणि काकांची बाटली. राहायचे ते शेजारच्या घरात, पण काका साऱ्या गल्लीचे. थंड बाटली दोन्ही तळव्यांत घोळवत ते घरी निघायचे. तिथे काकी काचेची सिरिंज उकळून वाट बघत असायची. जाताना ऐट अशी, की उपकार जणू तेच आमच्यावर करताहेत.

ऐटीला कारण होतं. गणपती डोक्यावर घेऊन समुद्रापर्यंत अनवाणी चालायचं आणि तोवर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा मान त्यांच्या घराण्याचा. "मी मेले तर रडतील की नाय कोण जाणे," काकी म्हणायची, "पण गणपती दुसऱ्यानं उचलला तर नक्की रडतील."

एका वर्षी विसर्जनाच्या सकाळी त्यांनी नेहमीसारखी सुई घेतली आणि उपास धरला. मूर्ती उचलायच्या आधीच घामाने निथळले, हात थरथरू लागले. "आयो, लेकेर फुटतंय!" काळजाला ते लेकेरच म्हणायचे. काकीने जबरदस्तीने साखरेचं पाणी पाजलं तेव्हा कुठे सावरले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, की सुई घेऊन उपाशी राहिलात, रक्तातली साखर फार उतरली, म्हणून काळीज धडधडलं. जेवण सांभाळून घेतली तर हीच सुई काळीज आणि रक्तवाहिन्या जपते.

काकांनी मान डोलावली आणि घरी येऊन निकाल दिला, "सुई काळजाला लागते."

"काका, सुई नाही, उपास लागला तुम्हाला."

"देवाचा उपास कधी कुणाला लागतो काय? की पू फेर, काय करणार, पोरी? माझं लेकेर सांगतं ते मी ऐकतो."

झालं! उपासाच्या दिवशी सुई बंद. मग सोमवार आले, एकादशी आली, संकष्टी आली. भटजींनाही ठाऊक नसतील असे उपास त्यांना सापडू लागले. मी भांडले, काकी रडली. बाटली फ्रिजमध्ये जुनी होत राहिली.

काही वर्षांनी, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ते आमच्या दारात आले तेव्हा फरशीवर रक्ताचे ठसे उमटले. तापलेल्या डांबराने तळवा सोलून निघाला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. "दुखत नाय, म्हंजे काय नाय," असं म्हणून हसले. जखम भरेना. डॉक्टरांनी घोट्यापाशी नाडी चाचपली आणि रक्त खाली पोचतच नाही म्हणाले. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि त्याच वेळी दयाही यायची.

त्यानंतर सुई रोज सुरू झाली. बाटली न्यायला आता काकी यायची. पण फार उशीर झाला होता.

पुढच्या गणपतीला मूर्ती काकांच्या पुतण्याच्या डोक्यावर होती. काका फाटकापाशी खुर्चीत बसलेले. मिरवणूक त्यांच्यासमोर थांबली. त्यांनी मूर्तीच्या पायांना हात लावला, मग तोच हात छातीवर ठेवला. रडले मात्र नाहीत.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"गप हाय. कायच दुखत नाय. जा तुम्ही, देवाला पोचवून या."

मला हायसं वाटलं. काकीलाही मीच सोबत ओढून नेलं.

परतलो तेव्हा ते तसेच बसले होते, पंजा छातीवर. काकी प्रसाद भरवायला वाकली आणि किंचाळली. डॉक्टर म्हणाले, काळजाचा झटका. साखरेच्या या रोगात नसा बधिर होतात, काळीज बंद पडतानाही कधीकधी दुखत नाही. इतकी वर्षं रोज विचारलं त्यांनी त्याला, आणि त्या दिवशी ते बोललं नाही.

घरी येऊन मी फ्रिज उघडला. लोण्याशेजारी अर्धी बाटली होती. टाकून द्यायला म्हणून बाहेर काढली. गार लागली हाताला. मग ती दोन्ही तळव्यांत घोळवत मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, ती कोमट होईपर्यंत.