रस्त्याकडच्या ओळी

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातून मोटारसायकलवाल्यांना फिरवून आणणं हा माझा धंदा आहे. रविवारी सकाळी सातपूरच्या पुढे जमायचं, सगळ्यांच्या गाड्यांची हवा आणि ब्रेक तपासायचे, आणि दहा-बारा जणांना मागे घेऊन गंगापूर धरणाच्या अंगानं आतल्या रस्त्यांनी एखाद्या वायनरीपर्यंत जायचं. गाडी चालवणाऱ्यानं वाइन चाखायची नाही, हवी तर बाटली बांधून घरी न्यायची, हा माझा नियम आहे आणि तो मी कुणालाही मोडू दिलेला नाही. तरी नातेवाइकांत माझ्या कामाचं नाव 'दारूची सहल'. कारखान्यातली चांगली नोकरी सोडून हा कशाला लागला बघा, असं लग्नकार्यात माझ्या पाठीमागे बोललं जातं, म्हणजे मला नीट ऐकू येईल इतपतच पाठीमागे. मी मुळात तापट. दोनदा तर भरल्या ताटावरून उठून आलोय.

थोरल्या बहिणीचं सासर माझ्या वाटेवरच आहे. त्यांची द्राक्षबाग रस्त्याला लागून, घर बागेच्या पलीकडे. पण मी तिथे कधी थांबत नसे. दारात बारा गाड्या आणि चामडी जाकिटं उभी राहिली तर ताईच्या सासूला काय वाटेल, असं मी स्वतःला सांगायचो. सासूबाई बिचाऱ्या मला काही म्हणाल्या नव्हत्या. मलाच माझ्या कामाची लाज वाटायची, आणि ती त्या दारात जास्त वाटायची. म्हणून बाग जवळ आली की मान सरळ ठेवायची आणि वेग वाढवायचा.

तिथला रस्ता कच्चा आहे. एका बाजूला द्राक्षांचे मांडव, दुसऱ्या बाजूला ओढा, समोर डोंगर. माझ्या गिऱ्हाइकांना हाच तुकडा सगळ्यात आवडायचा. शहरातल्या माणसाला अंगावर धूळ आल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटत नाही. त्यांना हवी तेवढी धूळ मी मिळवून देत होतो.

माल तयार होत आला होता तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी मागून जोरजोरात हॉर्न वाजला म्हणून मी थांबलो. माझ्या मागची एक बाई गाडी उभी करून फोटो काढत होती. बागेच्या रस्त्याकडच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्या साड्या बांधल्या होत्या. लाल, पोपटी, जांभळ्या. वाऱ्यानं सगळ्या एकदम फुगत होत्या. "किती सुंदर! हे कशासाठी?" तिनं विचारलं. मी हेल्मेट काढलं आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, की घडांना ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे बागेला साड्या बांधतात.

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, की रस्ता बागेच्या उत्तरेला आहे. त्या दिवसांत तिकडून ऊन येतच नाही. उन्हाच्या बाजूला एकही साडी नव्हती.

मग मला मी भाऊबीजेला दिलेली साडी दिसली. मोरपंखी रंगाची, ताईनं स्वतः दुकानात बसून निवडलेली. तिचे काठ तेवढे ओळखू येत होते. बाकी सगळी मातकट झाली होती.

साड्यांच्या फटीतून दाजी बाहेर आले. बहिणीचा नवरा म्हणजे शब्द मोजून वापरणारा माणूस. "या पाव्हणं," ते म्हणाले, "उतरलात एकदाचे."

"दाजी, ह्या साड्या..."

"मला बोलायची बंदी हाय," असं म्हणून त्यांनी पहिल्या ओळीतल्या एका पानावरून बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं. बोटावर माझ्या रविवारांची धूळ होती. घड त्यांनी मला हात लावू दिले नाहीत.

"व्यापारी बघून गेला का?"

"परवा येनार हाय. एक्स्पोर्टचा माल, पुसून चालत नाय. मन्यावरची पांढरी लव जाती." मग ते म्हणाले, "काय बोलनार? आपलेच दात अन् आपलेच ओठ."

मागे माझी माणसं साड्यांपुढे उभी राहून एकमेकांचे फोटो काढत होती. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. ताई गावात हळदीकुंकवाला गेली होती, एवढं एक बरं झालं. सगळ्यांना मी गाड्या हातानं ढकलत बागेच्या पलीकडे न्यायला लावल्या. त्यांना तीही गंमतच वाटली.

पुढच्या रविवारी मी डांबरी रस्ता धरला. लांबचा पडला, कुरकुर झाली, ती ऐकून घेतली. त्यानंतर मधल्या वारी मी एकटाच, बसनं, ताईकडे गेलो. आपण काही मोठा त्याग केलाय आणि तो तिला कळलाच पाहिजे, अशा थाटात गेलो.

ओट्यावर चहा देत ती आधी दाजींकडेच वळली. "तुम्ही बोललात ना याला?" दाजी उठून गोठ्याकडे गेले.

"ताई, व्यापाऱ्यानं घेतल्या का गं त्या ओळी?"

"नाय घेतल्या. रस्त्याकडच्या सोडून बाकीचा माल नेला. त्या गेल्या लोकल बाजारात. जाऊ दे." तिनं पदरानं ओट्याची कड पुसली. "रविवारी तू आला नाहीस. मला वाटलं पडलास-बिडलास का कुठं. फोन करावा तर गाडीवर असशील, उगा लक्ष जायचं."

मला काहीच समजेना. मी तर कधीच येत नव्हतो.

"अरे, रविवारी गाड्यांचा आवाज आला का मी पोरांना घेऊन त्या बांधावर जायची. टोपात तोंड दिसत नाय, पन सगळ्यांत पुढं तू, एवढं म्हाईत होतं. पोरं हात करायची. सासूबाई पन यायच्या. म्हनायच्या, तुझा भाऊ चालला बघ एवढी फौज घेऊन."

चहावर साय धरली होती. मी ती बोटानं बाजूला केली. साड्या कधी बांधल्यास, असं विचारायचं होतं, ते विचारवलं नाही.

"धूळ काय, उडनारच. माहेरचं मानूस निदान जाताना तरी दिसायचं," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिला वाटलं असावं की ती जरा जास्तच बोलली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू बघायचा नाहीस, ते मला कळतं रे. एवढ्या लोकांना सांभाळून न्यायचं, तू मान कशी वळवनार?"

मी हो म्हणालो.