डीबगरमधला मोत्याचा खड्डा

भूतखेत, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअरवाली. माझी भुतं कोडमध्ये असतात आणि शोधली की सापडतात. हे एक सोडून.

जालना रोडवर आमचं छोटं ऑफिस आहे. चरायला गेलेल्या कळपाचा माग ठेवणारं ॲप बनवत होतो. चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय आहे ते डीबगरमध्ये बघता येतं, पण तिथं ठिकाण म्हणजे नुसते अक्षांश-रेखांशाचे लांबलचक आकडे. वाचून डोकं उठायचं. म्हणून मी चार ओळी लिहिल्या – आकड्यांऐवजी नकाशावरचं नाव दिसावं. नाव नसेल तर ‘माहीत नाही’.

त्या दुपारी चाचणीसाठी ऑफिसचंच ठिकाण टाकलं होतं. प्रोग्राम थांबवला, तर समोर – ‘मोत्याचा खड्डा’.

शेजारचा सलीम वाकून म्हणाला, “ये कौनसा नाम डाली तू?”

मी काहीच टाकलं नव्हतं. मोत्या म्हणजे माझ्या वडिलांचा, आप्पांचा कुत्रा. आप्पा मेंढरं राखायचे तेव्हाचा. मी लहान असतानाच मेला. कुठं पुरला, ते आप्पांनी कधी सांगितलं नाही.

तेवढ्यात मुकुंदवाडीच्या घरून आईचा फोन. “आप्पा घरात नाईत गं. सकाळधरनं पत्ता नाय.”

आप्पांना हल्ली आपली गल्लीही ओळखू येत नसे. त्यात मे महिन्याचं ऊन. नावामागचे मूळ आकडे उघडले... ते ऑफिसचे नव्हतेच. नकाशावर टाकले – हर्सूल तलावामागचा माळ. सलीमनं लगेच गाडी काढली.

आप्पा तिथंच होते. एका दगडापाशी उन्हात बसलेले, ओठ पार सुकलेले. माझ्याकडं बघून म्हणाले, “तुला कुणी बोलीवलं, बाई? म्या मोत्याला हाका मारायलो.”

कुत्रा आठवतो आणि लेक आठवत नाही, याचं फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू.

आप्पांना घरी सोडून ऑफिसात परत येऊन बघितलं तर ऑफिसचेच आकडे, ऑफिसचंच नाव. सलीमनंही पाहिलं होतं, म्हणून मी स्वतःला वेडी म्हटलं नाही एवढंच.

आप्पा त्याच पावसाळ्यात गेले. माळाचे ते आकडे माझ्या फोनमध्ये अजून आहेत. कधीतरी मुद्दाम टाकून बघते. डीबगर दरवेळी ‘माहीत नाही’ म्हणतो. ते शब्द मीच लिहिलेत, आणि हे सगळं कसं झालं म्हणून कुणी विचारलं तर माझ्याकडंही तेवढंच उत्तर आहे.