मामंजींचा फोटू आन् मधली भिंत

आमच्या दौंडच्या रेल्वे क्वार्टरीला चार भिंती हायेत, आन् त्यातली एक बी माझं ऐकत न्हाई.

तीन भिंती काळ्या फत्तराच्या, गोऱ्या साहेबाच्या टायमाला बांधलेल्या. त्यात खिळा मारला की खिळाच वाकून नमस्कार करतो! चौथी भिंत मधली. शेजारच्या राहेलबाईंच्या आन् आमच्या घरात मिळून ती एकच, निसती अर्ध्या विटंची आन् मातीची. आपण इकडं शिंकलं की तिकडून राहेलबाई म्हणत्यात, "जिती ऱ्हा गं सुमे!"

तर झालं काय, माझे मामंजी वारले आन् आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूबाईंनी, शिरूरला त्यांचा मोठ्ठा फोटू करून घेतला. काच, चौकट, आन् मिशा तर अशा की चौकटीत कशा मावल्या देव जाणे. फोटू आमच्याकडं आला, आन् त्याला बघून माझं तान्हं जे रडलं ते दूध प्यायचं इसारलं. मग मी काय केलं, फोटू लुगड्यात गुंडाळला आन् पत्र्याच्या पेटीमागं ठेवला. (मला बी त्या मिशांचं भ्या वाटायचं, उगं पोराचं नाव.)

आन् एक दिवस शिरूरच्या यष्टीतनं गावचा माणूस निरोप घेऊन आला. "म्हातारी उद्या येतीया. म्हणली, मालकांचा फोटू भितीवर दिसला तरच घरातलं पाणी पीन, न्हाईतर तशीच माघारी जाईन."

सासू पाणी न पिता माघारी गेली तर शिरूरपासनं दौंडापर्यंत माझं नाव निघणार.

हे शेडात कामाला. येताना वीतभर लांब लोखंडी खिळा घेऊन आले. फत्तराच्या भिंतीवर असे घाव घातले की ठिणग्या उडाल्या. खिळा तसूभर आत गेला न्हाई, ह्यांचा आंगठा तेवढा टम्म सुजला.

"अवो, आता कसं?"

"इंजन हलवीन मी, पण ही भिंत न्हाई," म्हणले, आन् आंगठा तोंडात घालून डूटीवर गेले!

मग मीच पदर खोचला. पोराला काखंत घेतलं, हातात वरवंटा घेतला आन् गेले मधल्या भिंतीकडं. पहिलाच घाव घातला तर खिळा शिजल्या वांग्यात बोट जावं तसा सरळ आत! दुसऱ्या घावाला निसतं डोस्कं उरलं. राहेलबाई तवा प्रार्थनेला गेल्या होत्या म्हणून बरं. फोटू टांगला, पडू नये म्हणून तार खिळ्याला सात पीळ देऊन आवळली आन् पोराचं तोंड दुसरीकडं केलं. म्हणलं, सुटले!

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या. उंबऱ्यातनंच वर बघितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन हुभी. आता घेतील, मग घेतील...

"सुमे, ही भित कुठल्या दिशेची?"

"उ... उत्तरंची, आत्याबाई."

"म्हंजी त्यांचं तोंड दक्षिणंला? अगं, माणूस जाऊन वर्स न्हाई झालं, आन् तू त्यांना परत यमाच्या दाराकडं बघाया लावलंस व्हय? गेलेल्या माणसाचा फोटू दक्षिणंच्या भितीला टांगत्यात. काढ आधी!"

आमची दक्षिणंची भिंत फत्तराची! पण बोलायची छाती कुणाला? मी तांब्या ठेवला, घाबऱ्या घाबऱ्या फोटूला हिसका दिला, आन् तारंबरोबर खिळा बी भस्सदिशी बाहेर आला. आन् त्याच वक्ताला पलीकडं धाडकन् आवाज झाला, काच फुटली, आन् राहेलबाई वरडल्या, "अगं आई गं, माझं लगीन फुटलं!"

पळतच आल्या त्या. हातात त्यांच्या लग्नाचा फोटू, काच तडकलेली. माझ्या हातातला खिळा बघितला आन् जागच्या जागी थांबल्या.

"सुमे... त्यो खिळा तुझा?"

"व्हय."

"म्हंजी आमच्या ह्यांनी न्हाई ठोकला? मी काल आले तर भितीतनं लोखंडाचं टोक बाहेर! म्हणलं, नाताळापासनं सांगतीया, एकदाचा ठोकला मेल्यानं खिळा! लगीच त्यावर लग्नाचा फोटू टांगला, आन् खुशीनं तूप घालून शिरा केला मी त्यांना!"

"मग काय म्हणले ते?"

"काय म्हणतील? गप खाल्ला, आन् वर आणखी मागितला!"

मला हसू फुटत होतं आन् रडू बी येत होतं. पण आत्याबाईंचं ध्यान भलतीकडंच. त्यांनी भोकाला डोळा लावला, पलीकडं बघितलं, माघारी वळल्या.

"बाई, ही भित तुमच्याकडनं कुठल्या दिशेची?"

"आमच्याकडनं? दक्षिणंची की."

आत्याबाईंनी फोटू काखंत मारला आन् राहेलबाईंकडं निघाल्या. जाता जाता मला म्हणल्या, "ठोक गं खिळा, हिकडनं!"

मी ठोकला. पलीकडनं हाका, "आणखी जरा! बास, बास!" मी पळत जाऊन बघते तर मामंजी राहेलबाईंच्या घरात मिशांसकट झोकात बसलेले, आन् राहेलबाई इचारत्यात, "आत्या, च्या घेता का?"

माझा जीव टांगणीला! आत्याबाईंनी आजवर शेजारी कुणाच्या घरचा थेंब घेतला न्हवता. त्यांनी एकदा फोटूकडं बघितलं, फतकल मारली आन् म्हणल्या, "मालक हायेत तिथं प्यायला काय झालंय? गूळ जरा जास्ती टाक."

सांजच्याला हे आले, सुजलेला आंगठा वर धरून.

"आई कुठाय?"

"शेजारी."

"आन् आबा?"

"त्ये बी शेजारी."

"मग आपल्याकडं काय ऱ्हायलं?"

मी भिंतीकडं बोट केलं. खिळ्याचं डोस्कं! त्यावर आता पोराचं टोपडं टांगतीया. पोरगं बी गुमान दूध पितंय. आत्याबाई चांगल्या ऱ्हायल्यात, झोपाया तेवढ्या आमच्याकडं येत्यात. माझ्या हातचं पाणी बी पित्यात बरं का! फकस्त त्यो तांब्या मला शेजारी नेऊन द्यावा लागतो.