राजा, यंदा काय सोडतं?

सालातून एक दिवस कवडू सम्राट अशोक असते. बाकीचे दिवस तो बोरगाव मेघेच्या रोडवर पंक्चर काढते.

अशोक विजयादशमीले वस्ती खाली होते, समदे नागपूरले दीक्षाभूमीवर जातेत. म्हून वस्तीतलं नाटक आदल्या दिवशी, ऊन उतरलं का चालू होते. विहाराच्या पुढं चार तखत जोडले का झालं पाटलीपुत्र. कलिंगाची लढाई होते, पोट्टे मरून पडतेत, अन् राजा तलवार खाली ठेवते. पण इथं नुसती तलवार ठेवून भागत नाई. या वस्तीची रीत हाये का जो अशोक होईन, त्यानं तलवारीसंग आपली एक खरी गोष्ट सोडाची, समद्यायच्या समोर. सोडली म्हंजे सोडली. मरेपर्यंत हात लावाचा नाई.

कवडू बारा साल राजा हाये. पयल्या साली तंबाखूचा खर्रा सोडला. मंग पत्ते, मंग मटन, मंग चहा, मंग शिव्या. त्याची बायको सुलोचना म्हणे, "एखांद्या साली मलेच सोडून द्याल तुमी." तीच सोडून गेली, चार साल झाले, तापाचं निमित्त झालं.

मानूस मानसापाशी बसते ते कशाच्या तरी निमित्तानंच. खर्रा सुटला, तं खर्ऱ्याचा सोबती तानबा दुकानावर यायचा बंद झाला. पत्ते सुटले, तं दुपारची बैठक लिंबाखाली सरकली. तिथलं हासनं दुकानात आयकू येते. चहा सुटला, तं कोनी घरी ये म्हणत नाई, बोलावून देतीन काय? गिऱ्हाइकाले घाई रायते, हवा भरली का गेला. दिवस बुडला का कवडू एकट्यापुरता भात टाकते.

यंदा मंडळाचा अध्यक्ष प्रफुल्ल दुकानावर आला. पंचवीस सालाचं पोट्टं, गाडीवरून पाय खाली टेकवत नाई.

"काका, यंदा काय सोडता? बॅनरवर टाकाचं हाये."

"बॅनरवर कायले?"

"मांगच्या साली तुमी गोड सोडलं तं लोक हासले. म्हणे काकाले शुगर निघाली असन. यंदा जरा दमदार पायजे."

"पाहू."

"अन् कलिंगाची बाई काजल करून राह्यली. जमन ना तुमाले?"

कवडूच्या हातातला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात तसाच राह्यला. बुडबुडे येत राह्यले. काजल म्हंजे हरिदासची पोरगी, अन् हरिदास कवडूचा सख्खा मोठा भाऊ. दोघायच्या घरामंधी एक गल्ली हाये. ती गल्ली कवडूनं बारा सालात वलांडली नाई.

कवडूच्या आंधी राजा हरिदासच होता. काय आवाज होता त्याचा! माईक बंद पडला तरी पार रोडवर आयकू जाये. त्यानं दारू सोडलती. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी हाये, म्हून बाहेरच्यायले वाटते इथं दारू सोडनं सोपं. भेटते ना बाप्पा, फक्त मांगच्या दारानं भेटते. बारा सालापूर्वी तळेगावले सोयऱ्याचं लगन होतं. तिथं मांडवाच्या मांगं हरिदासनं गिलास तोंडाले लावला, अन् कवडूनं पाह्यला.

हरिदासचा पोरगा राकेश कावीळनं जाऊन तवा दोन महिने झालते. नऊ सालाचं लेकरू. कवडूनंच त्याले खांद्यावर नेलतं. तरी परत आल्यावर कवडू विहारातल्या सभेत उभा राह्यला अन् म्हणाला, "आपला राजा खोटा हाये." गिलासाचं सांगतलं. पोराचं सांगतलं नाई. हरिदास उठला. घरी गेला, मुकुट आनून सतरंजीवर ठेवला अन् निंघून गेला. त्या दिवसापासून भावासंग एक शबद नाई.

मुकुट कवडूले भेटला. तोच तं पायजे होता त्याले.

तवापासून कवडूनं जे सोडलं ते पक्कं सोडलं. लोक म्हणत, मानूस असावा तं असा. खरं काय ते त्याचं त्याले माहीत. तो भेवानं पाळे. वाटे, कोनीतरी कुठंतरी मांडवाच्या मांगं उभं असन, अन् आपन दादाचं केलं तसंच आपलं करन.

तालमीत काजल कवडूच्या पुढं उभी राह्यली. मेलेल्या पोट्ट्यायच्या मधात उभं राहून कलिंगाची बाई राजाले इचारते: "जिंकला ना राजा? मंग आता बोलशीन कोनासंग?"

कवडूनं लगेच आपलं वाक्य झाडलं. काजल थांबली.

"काका, तुमी इथं दरसाल घाई करता."

"कोन म्हणते?"

"बाबा म्हणतेत. घरी बसून भोंग्यावर आयकतेत ना. म्हणतेत, त्या जागी भेते तो."

एवढं सांगून पोरगी पानी प्याले गेली. कवडू तलवार हातात धरून तसाच उभा. मेलेलं एक पोट्टं खालून म्हणालं, "काका, उठू का? मुंग्या हायेत इथं."

नाटकाच्या दिवशी काजलनं इचारलं, "मंग आता बोलशीन कोनासंग?" अन् कवडू गप राह्यला. लोकायले वाटलं इसरला. प्रफुल्ल पडद्याच्या मांगून वाक्य सांगू लागला. कवडूनं तलवार खाली ठेवली. तसे रीतीपरमानं लोक वरडले, "राजा, यंदा काय सोडतं?"

कवडूनं डोक्यावरचा मुकुट काढला.

"हा सोडतो. बारा सालापूर्वी म्या भावाची चुगली केली अन् हा घेतला. आता मी राजा नाई."

कोनी टाळ्या वाजवल्या, कोनी नाई वाजवल्या. तानबा पयल्या रांगेतून म्हणाला, "मंग पुढच्या साली कोन? ठरवा ना आत्ताच." पुढचा सीन भंतेचा होता, तो कवडूनं बोडक्या डोक्यानं उरकला.

खेळ सुटला तसा कवडू मुकुट घेऊन गल्ली वलांडून गेला. तोंडाचा रंग बी पुसला नोता. हरिदास दारात खाटेवर बसला होता. लय म्हातारा दिसला.

"दादा, जय भीम."

हरिदासनं वर पाह्यलं. कवडूनं मुकुट खाटेच्या पायापाशी ठेवला.

"कायले आनलं हे?" हरिदास बोलला. बारा सालानं बोलला.

"तुया हाये. मी सोडला. समद्यायच्या समोर सांगतलं."

"आयकलं ना. भोंगा माया दारावरच हाये. चुगली आयकली, मुकुट आयकला. माया राकेशचं नाव कुठं होतं त्याच्यात?"

कवडू एवढी हिंमत करून गेला, अन् पोराचं नाव याही खेपी घरीच राह्यलं होतं.

"त्या रोजी बी तू अर्धंच सांगतलं," हरिदास म्हणाला. "जाय आता."

कवडू परत विहारापुढं आला. तखत उचलून झालते. लोक सकाळच्या गाडीची तयारी कराले घरी गेलते. प्रफुल्ल वायर गुंडाळून राह्यला होता.

"माईक चालू कर."

"काका, प्रोग्राम संपला."

"कर म्हणतो ना."

प्रफुल्लनं केला. समोर रिकाम्या खुर्च्या अन् एक कुत्रं. कवडूनं माईक दोन्ही हातानं धरला.

"राकेश हरिदास. नऊ सालाचा होता. माया पुतन्या. त्याले जाऊन दोन महिने झालते, म्हून दादा पेला. मले माहीत होतं. म्या सांगतलं नाई."

आवाज भोंग्यातून गल्लीत गेला अन् तिकडंच राह्यला. कोनी आलं नाई. प्रफुल्लनं माईक काढून घेतला.

घरी जाताना कवडूनं गल्लीत पाह्यलं. हरिदासचं दार बंद होतं, खाट आंत गेलती. खाटेच्या पायापाशी ठेवला होता तिथं मुकुट नोता. नालीत पाह्यला, कचऱ्यात पाह्यला. तिथंबी नोता.

मंग तो घरी गेला, तोंड धुतलं अन् भात टाकला.